जंपिंग स्पायडर जवळून टिपताना: आधी शरीर, मग कॅमेरा

पानावर बसलेल्या जंपिंग स्पायडरकडे लेन्स नेली की तो बहुधा पळत नाही. जागच्या जागी गर्रकन वळतो आणि समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी आपल्याकडे बघायला लागतो. जाळ्यात बसणाऱ्या कोळ्यांचं जग धाग्यांच्या कंपनावर चालतं, तर हा शिकारी नजरेवर जगतो. त्याचा फोटो काढायला शिकायचं तर सुरुवात कॅमेऱ्याच्या सेटिंगपासून करू नये, असं माझं ठाम मत आहे. डोळे कुठे आहेत, कशाने हलतात, पाय कसे ताणले जातात, केस कोणत्या दिशेला आहेत, हे माहीत असलं की फोकस कुठे टाकायचा, प्रकाश कुठून द्यायचा आणि शटर कधी दाबायचं, यातले बरेच प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून या लेखात आधी शरीर घेतलं आहे आणि कॅमेरा नंतर.

ओळख आणि पहिला सराव

जंपिंग स्पायडर म्हणजे सॅल्टिसिडी कुळातले कोळी. या कुळात सहा हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे आणि कोळ्यांमधलं हे सर्वांत मोठं कुळ आहे. चौकोनी डोकं, सपाट उभा चेहरा, समोर दोन टपोरे डोळे, आखूड दणकट पाय आणि थांबत-थांबत, झटक्यांनी होणारी चाल एवढं दिसलं की ओळख पटते. बहुतेक प्रजाती ३ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असतात.

सरावासाठी दुर्मीळ, रंगीत प्रजातींच्या मागे लागू नका. प्लेक्सिपस पायकुली, मेनेमेरस बायव्हिटॅटस आणि हॅसारियस अडान्सोनी हे तीन कोळी जगाच्या उष्ण भागांत माणसांच्या वस्तीत सर्रास राहतात. भिंत, कठडा, दाराची चौकट, कुंडीचा काठ या त्यांच्या नेहमीच्या जागा. माणसांच्या वावराची त्यांना सवय असते, शिवाय आकारही सुरुवातीला झेपेल एवढा असतो.

डोळे: सगळा फोटो इथेच ठरतो

डोळे आठ असतात. समोर एका ओळीत चार. त्यातले मधले दोन सर्वांत मोठे, ते मुख्य डोळे. त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक मध्यम आकाराचा डोळा. डोक्याच्या कडेने मागे गेलं की आणखी दोन जोड्या. त्यातली पुढची जोडी बहुतेक प्रजातींत इतकी बारीक असते की शोधावी लागते, मागची मात्र ठळक दिसते. मुख्य डोळे सोडून उरलेल्या डोळ्यांचं मुख्य काम हालचाल टिपणं. ते मिळून जवळजवळ चहूबाजूंचं बघतात. त्यामुळे या कोळ्याला मागून गाठता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये.

मुख्य डोळ्यांची रचना विलक्षण आहे. बाहेरचं भिंग कवचाचाच भाग असल्याने ते हलत नाही. त्याच्या मागे डोक्यात खोलवर गेलेली एक लांब नळी असते आणि नळीच्या टोकाला दृष्टिपटल. नळीची मागची बाजू सहा स्नायूंनी हलते, म्हणजे डोकं स्थिर ठेवून कोळी आतल्या आत नजर फिरवू शकतो. दृष्टिपटल अरुंद असल्याने एका वेळी थोडंच दिसतं, पण जे दिसतं ते फार बारकाईने. मग तो ही अरुंद पट्टी समोरच्या वस्तूवरून सरकवत आणि फिरवत राहतो. मायकेल लँड या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये या हालचालींचं सविस्तर वर्णन केलं. काही फिकट, अर्धपारदर्शक प्रजातींत, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या लिसोमेनीस व्हिरिडिसमध्ये, या नळ्या हलताना बाहेरूनही दिसतात. इव्हार्का आर्क्युएटा या प्रजातीची नुकती जन्मलेली पिल्लंही अशीच पारदर्शक असतात. रात्री धाग्याला लटकून विसावलेल्या या पिल्लांच्या डोळ्यांतल्या नळ्या ठरावीक अंतराने हलतात, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

फोटो काढणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. व्ह्यूफाइंडरमधून मुख्य डोळ्यांकडे नीट पाहत राहा. आत्ता दोन्ही डोळे कुळकुळीत काळे आहेत, पुढच्या क्षणी एकाच्या कडेने मधासारखा तपकिरी किंवा हिरवट रंग वर सरकतो आणि पुन्हा विरतो. काळे दिसतात तेव्हा दृष्टिपटल नेमकं तुमच्याकडे रोखलेलं असतं. फिकट दिसतात तेव्हा नजर दुसरीकडे वळलेली असते आणि तुम्हाला नळीचा आतला फिकट भाग दिसत असतो. एकाच बैठकीतल्या दोन फोटोंत डोळ्यांचा रंग वेगळा आला तर तो प्रकाशाचा दोष नसतो. मला स्वतःला दोन्ही डोळे पूर्ण काळे असलेली फ्रेम जास्त जिवंत वाटते, कारण त्या क्षणी तो खरोखर बघत असतो. म्हणून समोरून एक फ्रेम घेऊन थांबू नका. सलग काही फ्रेम घ्या आणि निवड नंतर करा.

अंतर जोखायची त्याची पद्धतही थक्क करणारी आहे. मुख्य डोळ्याच्या दृष्टिपटलात एकामागे एक असे चार थर असतात. हिरवा प्रकाश टिपणाऱ्या दोन थरांपैकी एकावर प्रतिमा स्पष्ट पडते, दुसऱ्यावर नेहमी धूसर. ती किती धूसर आहे यावरून कोळी अंतर ओळखतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हॅसारियस अडान्सोनीवर प्रयोग करून हे दाखवलं. हिरवा प्रकाश नसलेल्या लाल उजेडात या कोळ्यांच्या उड्या कमी पडत होत्या.

बाकीचं शरीर

शरीराचे भाग दोन: डोकं आणि छाती एकत्र असलेला पुढचा भाग, आणि मागचं पोट. मध्ये बारीक देठ. डोळ्यांच्या खाली कपाळपट्टीसारखा अरुंद भाग, त्याखाली जबड्याची जोडी आणि जबड्यांच्या टोकाला विषदंत. जबडे काही प्रजातींत धातूसारखे हिरवे-निळे चमकतात, पण पुढे लोंबणाऱ्या केसांमुळे फोटोत अंधारात जातात. प्रकाशाच्या वेळी याकडे परत येऊ.

तोंडाच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंजांसारखे दिसणारे, सतत वरखाली हलणारे दोन अवयव म्हणजे पाल्प. वयात आलेल्या नराचे पाल्प टोकाला फुगीर असतात, मादीचे शेवटपर्यंत सडपातळ. नर-मादी ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे. पाल्प चेहऱ्याच्या पुढे असतात आणि सारखे हलतात, त्यामुळे फोकस स्टॅकिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेल्या अनेक फ्रेम जोडून एक चित्र करताना, सर्वांत जास्त त्रास हेच देतात.

पाय आठ, प्रत्येकाचे सात भाग. पाय वाकवायला स्नायू असतात, पण दोन मुख्य सांधे सरळ करायला स्नायूच नसतात. कोळी शरीरातल्या द्रवाचा दाब वाढवून पाय ताणतो. उडीमागेही हाच दाब असतो आणि पॅरी व ब्राउन यांनी १९५९ मध्ये तो मोजून दाखवला होता. पायाच्या टोकाला दोन नख्या आणि त्यांच्याखाली केसांचा दाट झुबका असतो. काचेवर उभा चढतो तो या झुबक्याच्या जोरावर. काचेच्या पलीकडून पायाचा तळ टिपता आला तर जरूर टिपा, हा भाग फारसा कोणी टिपत नाही.

पोटाच्या टोकाला धागा काढणारे अवयव असतात. जाळं विणत नसला तरी हा कोळी धाग्याशिवाय सहसा उडी मारत नाही. उडीआधी पोटाचं टोक पृष्ठभागाला टेकवून धागा चिकटवतो, चुकला तर त्याच धाग्याने परत वर येतो. पोटाचं टोक टेकलं, शरीर खाली दबलं आणि मागचे पाय जवळ आले, की पुढच्या क्षणी तो जागेवर नसेल, हे धरून चाला.

किती मोठं दिसायला हवं

फुल-फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. १:१ विवर्धनावर ३ मिलिमीटर रुंदीचा चेहरा सेन्सरवरही ३ मिलिमीटरच पडतो, म्हणजे फ्रेमचा बारावा भाग. संपूर्ण कोळी, त्याची शिकार, तो बसलेलं पान असं सगळं दाखवायचं असेल तर १:१ पुरेसं आहे. चेहरा हवा असेल तर २:१ ते ३:१ लागेल. फक्त डोळे भरून टिपायचे तर त्याहून जास्त. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात तोच चेहरा फ्रेममध्ये तुलनेने मोठा दिसतो, आणि या कामात तो फायदाच आहे.

तिथे पोहोचायचे मार्ग अनेक आहेत. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरच्या एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की साधारण १:१ मिळतं. २८ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स उलटी लावली की २:१ च्या जवळ जाता येतं, पण मग अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत घेणारं, लहान-मोठं करता येणारं भोक) हाताने फिरवता येणारी जुनी लेन्सच सोयीची. रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं +८ डायऑप्टरचं क्लोज-अप भिंग अनंतावर फोकस केलेल्या २०० मिलिमीटरच्या लेन्सपुढे लावलं तर सुमारे १.६ पट विवर्धन मिळतं. थेट २:१ पर्यंत जाणाऱ्या मॅक्रो लेन्सही आता मिळतात. कॅननची एमपी-ई ६५ मिलिमीटर लेन्स १ ते ५ पटीपर्यंत जाते, पण ५ पटीवर लेन्सचं टोक आणि कोळी यांत जेमतेम ४ सेंटिमीटर अंतर उरतं.

माझा सल्ला: आधी १:१ ची साधी मॅक्रो लेन्स आणि त्यावर क्लोज-अप भिंग. भिंग क्षणात काढता-लावता येतं, त्यामुळे आधी कोळी दुरून टिपून, तो निवांत झाल्यावर जवळ जाता येतं. मोबाइलवरच्या क्लिप भिंगानेही या मोठ्या घरगुती प्रजातींचे चांगले फोटो निघतात, फक्त प्रकाश भरपूर हवा.

अ‍ॅपर्चरचं गणित

विवर्धन वाढलं की लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा, म्हणजे भोक किती बारीक आहे ते सांगणारा आकडा, खरा राहत नाही. आकड्याला (१ + विवर्धन) ने गुणायचं. १:१ वर एफ/११ म्हणजे परिणामी एफ/२२, ३:१ वर एफ/५.६ म्हणजेही जवळजवळ तेवढंच. याच्या पुढे गेलं की विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळा फोटोच मऊ पडतो आणि केसांचा तपशील जातो. काही कॅमेरे स्क्रीनवर परिणामी आकडाच दाखवतात, तेव्हा आपला कॅमेरा काय दाखवतो ते आधी पाहून घ्या.

दुसरी बाजू डेप्थ ऑफ फील्डची. फुल-फ्रेमवर १:१ आणि एफ/११ ला साधारण १.३ मिलिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. ३:१ आणि एफ/५.६ ला तो ०.१५ मिलिमीटरवर येतो. मुख्य डोळ्यांपासून मागच्या डोळ्यांच्या जोडीपर्यंतचं अंतर याच्या कितीतरी पट असतं. म्हणजे ३:१ ला एका फ्रेममध्ये पूर्ण चेहरा स्पष्ट येणारच नाही. तिथे अ‍ॅपर्चर बारीक करत बसण्यापेक्षा स्टॅकिंग करावं.

बाकी सेटिंग थोडक्यात: मॅन्युअल मोड, शटर १/१६० ते १/२००, आयएसओ १०० ते ४००, रॉ फाइल, ऑटोफोकस बंद.

प्रकाश

हातात कॅमेरा धरून एवढ्या विवर्धनावर काम करायचं तर फ्लॅश लागतोच. फ्लॅश १/१६ किंवा त्याहून कमी शक्तीवर ठेवला की प्रकाशाचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी कमी वेळ टिकतो. हालचाल गोठवण्याचं काम शटर नव्हे, हा झोत करतो.

पण उघडा फ्लॅश जंपिंग स्पायडरवर अजिबात चालत नाही. त्याचे डोळे बहिर्गोल आरसे आहेत. समोरचं जवळजवळ सगळं त्यांत उमटतं: फ्लॅश, लेन्सचं टोक, आकाश, कधीकधी फोटो काढणाऱ्याचा हातसुद्धा. उघड्या फ्लॅशमुळे डोळ्यात एक टोचणारा पांढरा ठिपका येतो आणि बाकी डोळा मेल्यासारखा दिसतो. मोठा, जवळ आणलेला, कोळ्यावर किंचित वाकलेला डिफ्युझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) असेल तर डोळ्याच्या वरच्या भागात मऊ कडांची चकाकी येते आणि डोळ्याचा गोलावा कळतो. ट्रेसिंग पेपर किंवा पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम यासाठी उत्तम. दोन थर ठेवा, एक फ्लॅशच्या तोंडाजवळ आणि दुसरा कोळ्याजवळ, मध्ये काही सेंटिमीटर मोकळी जागा. पहिला थर झोत पसरवतो, दुसरा तो एकसारखा करतो.

डिफ्युझर नीट झाला का, हे कोळ्यावर तपासत बसू नका. एक काळा चकचकीत मणी घ्या आणि त्याचा त्याच अंतरावरून, त्याच विवर्धनावर फोटो काढा. मण्यात जे प्रतिबिंब दिसेल तेच डोळ्यात दिसणार. मधोमध जळका ठिपका दिसला तर आणखी एक थर लावा किंवा पहिल्या थराचं अंतर वाढवा. प्रतिबिंबाची कड वेडीवाकडी असेल तर डिफ्युझरची कड कापून गोल करा. हे काम घरी, निवांत, वेळ देऊन करावं. मी तर लेन्सपेक्षा डिफ्युझरला जास्त महत्त्व देईन.

प्रकाश वरून आला की कपाळावरचे केस उजळतात आणि जबडे काळे पडतात. खालून पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा लेन्सच्या टोकाला असा लावा की तो फ्रेममध्ये येणार नाही, पण प्रकाश वर उडवेल. जबड्यांचा हिरवा-निळा रंग तेव्हाच दिसतो. अंगावरच्या खवल्यांची चमकही कोनावर अवलंबून असते. लहान झोतात एखादाच पट्टा चमकतो, मोठ्या डिफ्युझरने संपूर्ण अंगाचा रंग उमटतो.

पार्श्वभूमी दूर असली की फ्लॅशचा प्रकाश तिथवर पोहोचत नाही आणि मागे काळं येतं. तपकिरी कोळी त्यात हरवतो. मागे काही सेंटिमीटरवर एखादं पान येईल असा कोन शोधा. तसा सापडला नाही तर आयएसओ थोडा वाढवून नैसर्गिक उजेड आत घ्या.

जवळ कसं जायचं

सकाळी, ऊन तापायच्या आधी आणि ढगाळ दिवशी हे कोळी संथ असतात. शिकार तोंडात असलेला कोळी मिळाला तर तो बराच वेळ एका जागी बसतो, फक्त त्याला त्रास होईल अशी हालचाल करू नका. पानांच्या गुंडाळीत किंवा सालीच्या फटीत पांढऱ्या रेशमाची पिशवी दिसली तर ती उघडू नका. आत मादी अंडी सांभाळत असू शकते.

समोरूनच जा, पण हळू. त्याची नजर हालचालीवर टपलेली असते, वेग कमी असला की तो बघत राहतो. तुमची सावली त्याच्यावरून सरकू देऊ नका. तो वळून बघू लागला की थांबा आणि त्याला तुमचं निरीक्षण पूर्ण करू द्या. पाल्पांची हालचाल संथ झाली की पुढे सरका. काही वेळा तो थेट लेन्सवरच उडी मारतो. अशा वेळी झटकू नका, पान पुढे धरा, तो आपणहून त्यावर चढतो.

कोळी फ्रिजमध्ये गार करून फोटो काढायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. त्या प्राण्यावर तो अन्याय आहेच, शिवाय फोटोतही ते कळतं. गारठलेला कोळी पाय आखडून बसतो आणि अंगात तो ताण राहत नाही.

फोकस आणि धरण्याची पद्धत

फोकस रिंग आधीच हव्या त्या विवर्धनावर ठेवा आणि पुन्हा फिरवू नका. पुढे-मागे व्हायचं ते शरीराने. कोळी काडीवर किंवा पानावर असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत ती काडी धरा आणि लेन्सचं टोक त्याच हाताच्या मनगटावर किंवा अंगठ्याच्या तळाशी टेकवा. आता कोळी आणि लेन्स दोन्ही एकाच हातावर आहेत. हात थरथरला तरी दोन्ही एकत्र थरथरतात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. भिंतीवर असेल तर डाव्या हाताची बोटं भिंतीला टेकवून त्यावर लेन्स ठेवा.

लेन्स कोळ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. वरून घेतलेल्या फोटोत पाठीची नक्षी मिळते, पण चेहरा हरवतो. मुख्य डोळ्यांच्या भिंगावर फोकस लावताना लोक प्रतिबिंबाला फसतात. डोळ्यातली चकाकी स्पष्ट दिसते, म्हणून फोकस बरोबर आहे असं वाटतं, पण प्रतिबिंब भिंगाच्या पृष्ठभागाच्या आत तयार होतं. त्यापेक्षा डोळ्याभोवतीच्या केसांच्या कडेकडे बघा. तिथला एकेक केस सुटा दिसला की शटर दाबा. समोरचे चारही डोळे एकाच खोलीवर नसतात, बाजूचे दोन किंचित मागे असतात. एका फ्रेममध्ये चारही हवे असतील तर चेहरा लेन्सला अगदी समांतर हवा. किंचित तिरका कोन असेल तर जवळचा मुख्य डोळा धरा.

स्टॅकिंग

जिवंत कोळ्याचं हाताने स्टॅकिंग करता येतं, पण तो पूर्ण स्थिर असतानाच. पाल्पांच्या पुढच्या केसांपासून सुरुवात करा आणि शरीर अगदी सावकाश पुढे झुकवत सलग फ्रेम घ्या, मागच्या डोळ्यांच्या जोडीपर्यंत. २:१ आणि एफ/५.६ ला एका फ्रेममध्ये सुमारे पाव मिलिमीटर स्पष्ट येतं. फ्रेम एकमेकींवर थोड्या चढायला हव्यात, म्हणून २ मिलिमीटर खोलीसाठी १२ ते १५ फ्रेम लागतात. फ्लॅशची शक्ती कमी ठेवलेली असली तरच तो एवढ्या वेगाने साथ देतो.

झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस ही या कामाची नेहमीची सॉफ्टवेअर. झेरीनमधली पीमॅक्स पद्धत एकमेकांवरून गेलेल्या केसांना चांगली, तर डीमॅप गुळगुळीत पृष्ठभाग आणि रंग जास्त खरे ठेवते. मी आधी पीमॅक्सने चित्र बनवून, पार्श्वभूमी आणि डोळ्यांची भिंगं डीमॅपच्या चित्रातून रंगवून घेते. पाल्प मध्येच हलले असतील तर त्यांचं भूत दिसतं. अशा वेळी ज्या एका फ्रेममध्ये पाल्प स्पष्ट आहेत तेवढाच भाग तिच्यातून घ्या. डोळ्यांच्या बाबतीतही एकाच फ्रेमवर भर द्या, नाहीतर एक डोळा काळा आणि एक अर्धवट तपकिरी असं चित्र तयार होतं.

शार्पनिंग हात राखून करा. केस मुळातच खूप बारीक असतात. जास्त धार दिली की ते काटेरी तारेसारखे दिसतात आणि अंगाचा मखमली पोत जातो.

ओळख पटवायची असेल तर

चेहऱ्याचा सुंदर फोटो प्रजाती ओळखायला बहुधा पुरत नाही. त्याच कोळ्याचे आणखी काही फोटो घ्या: वरून, म्हणजे कवच आणि पोटावरची नक्षी दिसेल, बाजूने, म्हणजे पायांची लांबी आणि डोळ्यांची मांडणी कळेल, नर असेल तर पाल्प जवळून, मादी असेल आणि कोळी काचेवर असेल तर पलीकडून पोटाची खालची बाजू. किती लांबीचा होता, कोणत्या झाडावर किंवा पृष्ठभागावर होता, कोणती वेळ होती, हे त्याच दिवशी फाइलच्या नावात किंवा वहीत लिहून ठेवा. अनेक प्रजातींत अंतिम ओळख सूक्ष्मदर्शकाखाली नराचा पाल्प किंवा मादीचं जननांग बघूनच होते. तेव्हा फोटोवरून कुळ आणि वंश एवढंच खात्रीने सांगता आलं तर तेवढंच लिहा.